अंगणापुरता ब्लोअर घेताना

नेरूळच्या रो-हाऊसपुढे चार हात अंगण आणि डोक्यावर देशी बदाम, एवढ्यासाठी हवेच्या झोताने पानं उडवणारा पेट्रोलचा ब्लोअर नको. आवाजाने शेजारी गेटवर येतील. 500-600 वॉटचा वायरवाला पुरतो, फक्त एक्स्टेन्शन बोर्ड फाटकापर्यंत पोचतो का ते आधी बघा. बॅटरीवाला हवा तर 18-20 व्होल्टचा घ्या, पण खोक्यात बॅटरी आणि चार्जर आहे ना, हे विचारूनच पैसे द्या. बरेचदा नुसतं मशीनच हातात येतं! दुकानात हात लांब करून दोन मिनिटं धरून पाहा, मनगट लगेच सांगतं. पावसाळ्यात फरशीला चिकटलेल्या बदामाच्या पानांपुढे मात्र या छोट्या मशीनचं काही चालत नाही, तिथे खराटाच. आणि उडवताना वाऱ्याकडे पाठ करा, नाहीतर सगळा धुरळा दोरीवरच्या कपड्यांवर.