जुनी टॉप हॅट ओळखताना या चुका टाळा

टॉप हॅट म्हणजे साहेबांची ती उंच, नळकांड्यासारखी टोपी. लोक मला विचारतात, "ही टॉप हॅट किती जुनी असेल?" आणि सोबत बाहेरून काढलेला एकच फोटो. अहो, आतलं अस्तर दाखवा की! नुसत्या उंचीवरून काळ सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते पदकांवरून. विलायती हॅटवाले प्रदर्शनात मिळालेली पदकं पुढे कित्येक वर्षं अस्तरावर सोनेरी छाप्यात मिरवत. आमच्या एका उत्साही मित्राने लंडनच्या बाजारातून अशीच एक हॅट आणली. पदकावर '१८६२', विकणाऱ्याने भावही त्याच हिशेबाने लावलेला. मी अस्तर उजेडात धरलं. पदकाखालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'महाराजांचे हॅटवाले'. आता १८३७ ते जानेवारी १९०१ तिकडे गादीवर व्हिक्टोरिया राणी! १८६२ मध्ये महाराज आणायचे कुठून? हॅट १९०१ नंतरची निघाली. पदकाचं साल एवढंच सांगतं की हॅट त्याआधीची नाही. मी आधी राजा की राणी ते बघतो, मग दुकानाचा पत्ता, पदक सगळ्यात शेवटी.

दुसरं खूळ म्हणजे प्रत्येक काळी हॅट 'बीव्हर'ची, म्हणजे बीव्हर नावाच्या पाणप्राण्याचे केस जमवून केलेल्या फेल्टची, असं समजणं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बीव्हरची जागा रेशमी प्लशने, म्हणजे मखमलीसारख्या लवदार कापडाने घेतली. खिडकीशी उभं राहून हॅट सावकाश फिरवा. प्लश असेल तर बाजूला तिरका सांधा दिसतो. लव त्यावर बसवलेली असते, म्हणून घाईत नजरेतून सुटतो. फेल्टला सांधा नसतो. पण सांधा नाही म्हणून लगेच बीव्हर म्हणू नका, सशाच्या केसांचं फेल्टही तसंच असतं.

घडी होते का म्हणून वरून दाबून बघणारे महाभाग आहेत. घडी होणारी स्प्रिंगची हॅट, म्हणजे ऑपेरा हॅट, बहुधा बिनचमकीच्या कापडाची असते, नजरेनेच कळते. साधी हॅट दाबलीत तर आतलं चपड्याने (लाखेने) कडक केलेलं कापड तडकतं. तोच चपडा उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा व्हिडिओ बघून किटलीची वाफ देऊ नका. मी मखमलीचा बोळा लवेच्या दिशेने फिरवतो, बास.

छोटी, बुटकी हॅट लहान मुलाचीच असते असं नाही. बायकांची घोडेस्वारीची असू शकते.

जुन्या फेल्टला हातमोजे घालूनच हात लावा. केस जमवताना पारा वापरलेला असायचा. नाक खुपसून वास घेऊन 'अस्सल आहे' म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.