कॅमिनो चालायचा ठरवलाय? मग आधी कोणासाठी चालताय ते ठरवा

कॅमिनो दे सान्तियागो म्हणजे स्पेनमध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथे प्रेषित याकोबाच्या, म्हणजे संत जेम्सच्या कबरीपर्यंत जायची पायी यात्रा. हल्ली बरेच लोक ट्रेक म्हणून करतात, त्यात वाईट काही नाही, पण ख्रिस्ती म्हणून जाणार असाल तर तयारी शूजपासून सुरू करू नका. एक छोटी वही घ्या आणि त्यात नावं लिहा, आजारी असलेल्यांची, देवाघरी गेलेल्यांची, ज्यांच्याशी बोलणं तुटलंय त्यांचीही. रोज एक नाव, त्या दिवसाचं चालणं त्या माणसासाठी. पंधराव्या दिवशी गुडघे बोलायला लागले ना, तेव्हा मला या वहीनेच उठवलं.

आता रस्ता. सगळ्यात प्रसिद्ध फ्रेंच मार्ग, फ्रान्समधल्या सेंट-झाँ-पिए-द-पोरपासून साधारण 780 किमी, 30 ते 35 दिवस धरा. एवढी सुट्टी नसेल तर सारियापासून निघा, तिथून 115 किमीच्या आसपास आहे, आठवड्यात होतं. पण सेंट-झाँपासून निघालात तर पहिलाच दिवस सगळ्यात अवघड, रोन्सेसवायेसपर्यंत 25 किमी आणि समुद्रसपाटीपासून 1400 मीटरच्या वरच्या उंचीपर्यंत चढायचं, त्यामुळे जमलं तर वाटेतल्या ओरिसोनला मुक्काम करून चढ दोन दिवसांत वाटून घ्या. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हा डोंगरावरचा रस्ता बंद असतो, तेव्हा वालकार्लोसच्या दरीतून जायचं.

निघायच्या आधी क्रेदेन्सियाल घ्या, म्हणजे यात्रेकरूचा पासपोर्ट. अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, तो बघूनच बेड देतात. जिथे राहाल तिथे, चर्चमध्ये, कॅफेतही स्टॅम्प घ्यायचा, शेवटच्या 100 किमीत रोज कमीत कमी दोन. पायी किमान 100 किमी झाले की शेवटी कोम्पोस्तेला हे लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं.

बॅग शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नको. अख्खं जाड बायबल नेऊ नका, स्तोत्र 120 ते 134 कागदावर उतरवून न्या, ही यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची स्तोत्रं, आणि 121 वं चढावर म्हणून बघा, ते चालणाऱ्या माणसासाठीच आहे हे पायांना कळतं. आणि पाय सांभाळा! टाच जरा चुरचुरली की तिथल्या तिथे बसा, शूज-मोजे काढा, पाय वाऱ्याला कोरडा होऊ द्या, टेप लावा, मोजे बदला. अजून दोन किमी जाऊ मग बघू म्हणालात की फोड आलाच समजा.

वाट चुकायची भीती नको, सगळीकडे पिवळे बाण आहेत. ते 1980 च्या दशकात वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावच्या फादर एलियास वालिन्या यांनी रंगवायला घेतले, तिथल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी दोन मिनिटं नक्की थांबा.

मुक्काम शक्य तिथे चर्चच्या अल्बेर्गेत करा असं माझं मत. कारियोन दे लोस कोन्देसला ऑगस्टिनियन सिस्टर्स संध्याकाळी यात्रेकरूंसोबत गातात, मग आशीर्वाद देऊन प्रत्येकाच्या हातात एक छोटी कागदी चांदणी ठेवतात, माझी अजून त्या वहीत आहे. काही ठिकाणी दोनातिवो असतं, म्हणजे ठरलेलं भाडं नाही, पेटीत टाकायचं. ते फुकट समजू नका, उद्या येणाऱ्याचं जेवण त्यातूनच शिजतं. संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जा, भाषा कळली नाही तरी मिस्सा कळतो. प्रॉटेस्टंट असाल तर ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही, पण हात छातीवर आडवे धरून पुढे गेलात तर फादर सहसा आशीर्वाद देतात.

बुर्गोस ते लेओन हा मेसेता, म्हणजे सपाट पठार, लोक बसने टाळतात. मला विचाराल तर टाळू नका, बघायला काही नसतं म्हणूनच तिथे प्रार्थना होते. पुढे क्रूस दे फेर्रोला उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे, घरून आणलेला दगड तिथे ठेवायचा. घाई करू नका, मागचे लोक थांबतात.

सान्तियागोला पोचलात की आधी बॅग लॉकरमध्ये ठेवा, मोठी बॅग कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत. बोताफुमेइरो ही भली मोठी धूपदाणी रोज झुलवत नाहीत, नाही दिसली तर हिरमुसू नका. वेदीखाली पायऱ्या उतरून कबरीपाशी जा, गर्दी असते, जागा अगदी अरुंद, तरी गुडघे टेकून वही उघडा आणि सगळी नावं पहिल्यापासून हळू वाचा.