टीव्हीच्या शूटिंगला विद्यार्थ्यांना नेताय? या चुका टाळा

प्रेक्षकांत बसायचा पास हातात पडला म्हणजे प्रवेश पक्का, हा समज सगळ्यांत महागात पडतो. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून बहुतेक कार्यक्रमांचे पास खुर्च्यांपेक्षा जास्त वाटलेले असतात. जो आधी रांगेत, तो आत. आमच्या पहिल्या सहलीत ४० मुलांपैकी २६ आत गेली आणि उरलेल्या १४ जणांची समजूत काढत मी तीन तास दाराबाहेर बसून होतो. तेव्हापासून दोन गोष्टी आधी ठरवतो: गटासाठी जागा राखून ठेवतात का, हे लेखी विचारायचं, आणि गट फुटलाच तर बाहेर कोणता शिक्षक थांबणार, हे निघण्यापूर्वीच ठरवायचं. म्हणजे दोन शिक्षक हवेतच.

वयाची अटही वाचा. काही कार्यक्रमांना १६ चालतं, काहींना १८ पूर्ण लागतात आणि दारात ओळखपत्र मागतात. पहिल्या वर्षाची सगळीच मुलं त्यात बसत नाहीत.

परतीची बस लवकरची सांगणं ही चूक तर मी दोनदा केली. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचाच भाग उरतो, पण तेवढ्याच्या शूटिंगला तीन ते पाच तास सहज जातात. वाक्य चुकतं, प्रकाश बदलतो, तोच प्रसंग पुन्हा होतो. मधेच उठून जाता येत नाही, त्यामुळे खाणंपिणं आणि बाथरूम रांगेत उभं राहण्याआधीच उरकून घ्या.

कपड्यांची सूचना विद्यार्थी हसण्यावारी नेतात, म्हणून कारणासकट सांगा. बारीक रेघा किंवा बारीक चौकडी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक जाळीशी जुळत नाही आणि पडद्यावर कापड लाटांसारखं हलताना दिसतं. पांढराशुभ्र शर्ट प्रकाशात भगभगतो. मोठा लोगो असेल तर मागच्या रांगेत बसवतात. शिवाय दिव्यांच्या उष्णतेमुळे एसी जोरात लावलेला असतो, तेव्हा स्वेटर हवाच.

फोन दारातच जमा होतो. तेव्हा ‘बाहेर आल्यावर फोन करा’ हा बेत कुचकामी. भेटायची जागा कागदावर लिहून प्रत्येकाला द्या.

खरी चूक मात्र यांपैकी कुठलीच नाही. आपण मुलांना कलाकार बघायला नेतो, काम बघायला नेत नाही. मग पहिल्या तासानंतर जांभया सुरू होतात. त्यावर मला एकच उपाय सापडला: प्रत्येकाला बघायला एकच माणूस नेमून द्यायचा. कोणी हेडफोन लावलेला फ्लोअर मॅनेजर, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचना सेटवर पोचवणारा माणूस, बघावा. शूटिंग सुरू होण्याआधीच्या उलट्या मोजणीतले शेवटचे आकडे तो तोंडाने न बोलता बोटांनी का मोजतो? कोणी प्रत्येक कॅमेऱ्यावरचा लाल दिवा बघावा; तो पेटला की चित्र त्याच कॅमेऱ्याचं. कोणी दोन टेकच्या मधे प्रेक्षकांना हसतं ठेवणाऱ्या वॉर्म-अप कलाकारावर नजर ठेवावी, कारण तोच विनोद तिसऱ्यांदा ऐकून आपोआप हसू येत नाही. (स्वतः हसून बघा, कळेल.)

जाण्याआधी अर्धा तास इतिहासाला द्या. ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन विनोदी मालिका १९५१ मध्ये सुरू झाली, तेव्हा समोर खरे प्रेक्षक बसवून तीन फिल्म कॅमेऱ्यांनी तिचं एकाच वेळी चित्रीकरण होत असे. तिचा एखादा प्रसंग दाखवून कॅमेरा कुठे बदलतो ते मोजायला लावा. मग स्टुडिओत शिरताच मुलं आधी कॅमेरे शोधतात.

एक नाजूक मुद्दा राहिला. प्रेक्षकांत बसणं म्हणजे आपला चेहरा दाखवायला संमती देणं, आणि बऱ्याचदा तशा संमतीच्या कागदावर सहीही घेतात. ज्याला टीव्हीवर दिसायचं नाही, त्याला कारण न विचारता सूट द्या आणि त्याच्या गुणांना हात लावू नका.

आणि शूटिंग ऐन वेळी रद्द झालं तर? एका वर्षी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी वर्गातच तीन मोबाइल तीन कोनांत लावले, एक मुलगी फ्लोअर मॅनेजर झाली आणि दोन मिनिटांचा संवाद घेतला. तो नीट जमायला ११ टेक लागले. पाचव्या टेकपासून मागच्या बाकांवरचं हसणं बंद झालं होतं.