काढणीनंतरचा सरवा आणि कॉफीफळाचा भुंगेरा: एकाच पंधरवड्यात सगळ्यांनी मिळून करायचं काम

शेवटचा तोडा उरकला की बागेकडे पाठ फिरवावीशी वाटते. त्यात गैर काही नाही, माणसं थकलेली असतात. पण फळ पोखरणारा भुंगेरा ज्या भागात पोचला आहे, तिथल्या बागायतदारांना हात जोडून सांगणं आहे की एवढ्यात पाठ फिरवू नका. शेवटच्या तोड्यापासून पहिल्या दमदार पावसापर्यंतचे दिवस या किडीला रोखण्यासाठी वर्षातले सर्वांत चांगले दिवस असतात. ते एकेकट्यानं वापरले तर अर्धे वाया जातात.

असं का, ते किडीच्या रीतीवरून कळतं. हायपोथेनेमस हॅम्पेई हा भुंगेरा मूळचा आफ्रिकेतला. रंग काळा, मादीची लांबी जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर. फळाच्या टोकाला, जिथं फुलाचा वण असतो, तिथं ती टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडते, आत शिरते आणि बी पोखरून त्यातच अंडी घालते. अळ्या त्या बीवरच वाढतात. अंड्यापासून भुंगेरा व्हायला उबदार हवेत साधारण महिना लागतो, थंड उंचवट्यावर त्याहून जास्त. जन्मणाऱ्या पिल्लांत एका नरामागे जवळपास दहा माद्या असतात. नराला उडता येत नाही, तो फळाबाहेर पडतच नाही, मिलन आतच भावंडांमध्ये उरकतं. त्यामुळे बाहेर येणाऱ्या मादीला जोडीदार शोधायचा नसतो, फक्त नवं फळ शोधायचं असतं. झाडाखाली विसरलेल्या एका फळातून नवी वसाहत उभी राहू शकते, ती यामुळेच.

कोरड्या दिवसांत या माद्या झाडावर वाळलेल्या आणि खाली गळलेल्या फळांत दबा धरून बसतात. एका वाळक्या फळात त्या डझनावारी सापडतात, कधी शंभराच्याही वर. पाऊस पडून हवा दमट झाली की त्या बाहेर निघतात. त्याच पावसानं झाडं फुलावर येतात, पण फुलापासून साधारण आठ आठवडे तरी कोवळं फळ त्यांच्या कामाचं नसतं, कारण आतली बी अजून घट्ट झालेली नसते. मादी चार-पाच महिने जगू शकते, पण ती जुन्या फळाच्या आश्रयानं. तो आश्रय काढून घेतला की तिची उपासमार होते. म्हणून सरवा, म्हणजे तोडणीनंतर झाडावर आणि झाडाखाली मागे राहिलेली फळं, वेचणं हाच या मोसमातला मुख्य उपाय आहे. फवारणी, सापळे, मित्रकीटक हे सगळे त्याच्या मदतीला येणारे.

(जिथं वर्षभर थोडं थोडं फुलतं, तिथं अशी मोकळी फट मिळत नाही. तिथं पिकलेलं फळ दर दोन-तीन आठवड्यांनी तोडत राहणं हाच सरव्याचा पर्याय.)

आता बांधापलीकडचं. तुम्ही तुमची बाग काडीकाडीनं झाडून काढली आणि शेजारच्या बागेत वाळकी फळं लोंबत राहिली, तर पावसानंतर तिथल्या माद्या तुमच्या नव्या फळांवर येणारच. किडीला सातबारा कळत नाही. अमेरिकेच्या हवाई राज्यात कोना भागात हा भुंगेरा २०१० साली सापडला. छोट्या छोट्या बागा, त्यांना लागून सोडून दिलेली, रानटी झालेली कॉफी, असा तो परिसर. मध्ये समुद्र असूनही २०२० पर्यंत तो तिथल्या काउआई बेटावर पोचला. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीत दिसला, कोलंबियात त्याआधी दोन वर्षं. एकदा आलेला भुंगेरा परत गेला असं सहसा होत नाही. त्यामुळे त्याला कायमचं घालवण्याचं नव्हे, तर दरवर्षी खाली दाबून ठेवण्याचं नियोजन करायचं, आणि ते एका बागेचं नव्हे, एका खोऱ्याचं किंवा एका डोंगरउताराचं करायचं.

गटाची सुरुवात सभेपेक्षा नकाशानं करावी असं माझं ठाम मत आहे. एक मोठा कागद घ्या, परिसरातल्या सगळ्या कॉफीच्या जागा त्यावर काढा. सभासदांच्या बागा तर आल्याच, पण ओढ्याकाठी आपसूक उगवलेली झाडं, परसातली चार झाडं, मालक परगावी असलेल्या बागा, वाद चालू असल्यानं पडून असलेल्या जमिनी हेही त्यात हवं. पहिल्याच दिवशी दिसेल की खरा धोका बहुतेक वेळा नकाशावरच्या त्या रिकाम्या, कुणाच्याच नसलेल्या तुकड्यांत आहे. मग परिसराचे दहा-पंधरा बागांचे भाग पाडा, प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस नेमा आणि सरवा वेचायचा पंधरवडा सगळ्यांसाठी एकच ठरवा. तारीख पहिल्या पावसाच्या अंदाजाआधी पुरेशी मागे ठेवा.

मनुष्यबळ ही खरी अडचण. छोट्या बागायतदारांनी सावडीनं काम करावं: आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे. मजूर लावत असाल तर सरव्याची मजुरी वजनावर देऊ नका, रोजंदारीवर द्या. वाळक्या फळाला वजन नसतं, त्यामुळे वजनावर काम करणारा माणूस भरल्या फांदीकडे वळतो आणि नेमकी हवी ती चार फळं मागे राहतात. शेवटच्या तोड्याला झाडाखाली ताडपत्री किंवा जाळी अंथरली तर खाली पडणारं फळ निम्म्या श्रमात गोळा होतं. काम नीट झालं का, हे तपासायला कोलंबियातल्या कॉफी संशोधन केंद्राचा निकष सोपा आहे: तोडणीनंतर झाडावर पाचपेक्षा जास्त पिकली फळं राहू नयेत. ही तपासणी शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या बागेत करावी. स्वतःच्या बागेत आपली नजर फार माफ करणारी असते.

गोळा केलेला सरवा बांधावर ओतून ठेवणं म्हणजे कीड एकाच जागी जमवून सोडून देणं. फळं त्याच दिवशी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, किंवा दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरून माती घट्ट दाबा. नेताना पोत्याचं तोंड बांधलेलं असू द्या.

पडीक बागेचा प्रश्न गोडीनं सोडवायचा. मालकाला आधी नोटीस पाठवून वैर घेऊ नका. माणूस पाठवा, फोन करा, आणि गट स्वतः येऊन झाडं साफ करून देईल, फक्त परवानगी द्या, असं सांगा. बहुतेक लोक एवढ्यावर राजी होतात, कारण त्यांना बाग सांभाळता येत नसते, सोडवतही नसते. जिथं मालकाला कॉफी नकोच आहे, तिथं झाडं मुळासकट काढायला मदत करा. अगदीच कुणी ऐकत नसेल तर स्थानिक कृषी खात्याकडे जाण्याचा मार्ग आहे, पण तो शेवटचा.

जुनी झाडं बुंध्यावर कापून बाग नवी करायची असेल तर कापण्याआधी फळ पूर्ण उतरवा आणि शेजाऱ्यांना आठवडाभर आधी कळवा. कापलेल्या बागेतून माद्यांचे थवे आसपासच्या फळांवर जातात. काही झाडं मुद्दाम सापळ्यासारखी उभी ठेवून, त्यावरची फळं वरचेवर तोडून नष्ट करण्याची पद्धत चांगली आहे. मात्र ती फळं तोडायला विसरणार असाल, तर ती झाडं ठेवूच नका.

जिथं सगळ्यांचं फळ एकत्र येतं, ते सहकारी संकलन केंद्र आणि पल्पिंगचं, म्हणजे फळाची साल-गर काढण्याचं, आवार गटानं आधी स्वच्छ करावं. फळांच्या ढिगातून भुंगेरे उडून सरळ जवळच्या बागेत जातात. ढीग रात्रभर उघडा ठेवू नका, हौदावर झाकण किंवा प्लास्टिक टाका, त्याच्या आतल्या बाजूला ग्रीस लावलं तर भुंगेरे चिकटतात. पाण्यावर तरंगणारी फळं वेगळी काढून त्यांची लगेच विल्हेवाट लावा, पोखरलेली फळं त्यांतच जास्त असतात. बी १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की कीड त्यात वाढत नाही. बारदान एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरवण्याआधी उलटं करून झटका, जमल्यास गरम पाण्यातून काढा. तोडणीवाल्यांच्या पिशव्या आणि कपड्यांचंही तेच.

सापळ्यांबद्दल अपेक्षा माफक ठेवा. मिथेनॉल आणि इथेनॉल यांच्या मिश्रणाचा वास माद्यांना ओढतो. लाल रंगाचा, तळाशी साबणाचं पाणी असलेला सापळा छातीच्या उंचीवर टांगला की बागेत फळ नसतानाच्या काळात तो चांगला चालतो. उडण्याची लाट कधी सुरू झाली, हे त्यातून सगळ्या गटाला कळतं, आणि मला वाटतं हाच त्याचा मोठा उपयोग. सरवा न वेचता नुसते सापळे टांगून बाग वाचत नाही. मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. मिश्रण गटातल्या एकाच जाणत्या माणसानं करावं, बाटल्यांवर ठळक लिहावं, घरात ठेवू नये.

फळ धरल्यावर, फुलापासून दोन महिन्यांच्या आसपास, मोजणी सुरू करा आणि महिन्यातून एकदा तरी करत राहा. हेक्टरी ३० झाडं नागमोडी चालीनं निवडा, प्रत्येकाच्या एका फांदीवरची एकूण फळं आणि भोक पडलेली फळं मोजा, टक्केवारी काढा. मग भोक पडलेली काही फळं चाकूनं कापून बघा, भुंगेरा कुठवर गेला आहे ते. तो अजून भोकाच्या तोंडाशी असेल तर बिव्हेरिया बॅसियाना या किडीला मारणाऱ्या बुरशीची फवारणी लागू पडते. बीमध्ये शिरला असेल तर कुठलंच औषध तिथं पोचत नाही, ती फवारणी म्हणजे पैसे मातीत. कोलंबियात २ टक्के प्रादुर्भाव ही कारवाईची पातळी मानतात. तुमच्या भागातल्या संशोधन केंद्राची पातळी वेगळी असेल तर तीच धरा. बिव्हेरिया जिवंत आहे हे लक्षात ठेवा: थंड सावलीत साठवा, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत फवारा, त्याच टाकीत बुरशीनाशक मिसळू नका, आणि पाण्याचा मारा पानांवर नको, फळांच्या घोसांवर हवा. एका भागातल्या सगळ्यांनी दोन-तीन दिवसांत फवारणी उरकली, तर पंप आणि माणसं वाटून घेता येतात. एंडोसल्फान या जुन्या कीटकनाशकाच्या आठवणी काढणारे अजून भेटतात. न्यू कॅलेडोनियात किडीनं त्याला दाद देणंच सोडलं होतं, आणि २०११ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानं ते बंदीच्या यादीत टाकलं. तो रस्ता संपला आहे.

मोजणीचे आकडे सगळ्यांच्या समोर लागू द्या, बागेच्या नावासकट. यात कुणाची नाचक्की नाही, हे पहिल्या सभेतच स्पष्ट करा. ज्याच्या बागेत टक्केवारी वर गेली, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी मदतीचे हात गेले पाहिजेत, टोमणे नव्हे. लोक आकडे लपवायला लागले की गट मोडतो. परिसरात कीड अजून आलीच नसेल आणि एखाद्या फळाच्या टोकाला भोक दिसलं, तर ते फळ बंद बाटलीत स्पिरिट घालून कृषी खात्याला द्या आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगा. पहिल्या प्रादुर्भावाची बातमी महिनाभर दाबून ठेवली, तर तेवढ्यात आणखी एक पिढी बाहेर पडते.

या आठवड्यात एवढं करा: नकाशा काढा, पडीक बागांच्या मालकांचे नंबर मिळवा आणि सरव्याच्या पंधरवड्याची पहिली तारीख संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहा.