फळबागेतल्या अळ्या: पंप उचलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की फोन सुरू होतात. "पानं खाल्लीत, औषध सांगा." पान नवं की जुनं, अळी दिसली का, केवढी आहे, असं विचारलं की समोरचा वैतागतो. त्याला दुकानात जाऊन सांगायला फक्त एक नाव हवं असतं. फळझाडांवरच्या अळ्यांचं सगळं इथेच बिघडतं. कुणी पान खाते, कुणी पानाच्या पापुद्र्यात राहते, कुणी फळात शिरते, कुणी खोडात घर करते. प्रत्येकीला गाठायची जागा वेगळी आणि वेळही वेगळी. अळी न बघता केलेली फवारणी म्हणजे पैसे मातीत.

खोडात अळी आणि फवारणी पानांवर

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण हिच्यापायी वाढवलेली झाडं जातात. साल खाणारी अळी पेरू, मोसंबी, संत्रा, आंबा, बोर, डाळिंब अशा कितीतरी झाडांवर येते. फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात ती भोक पाडून राहते. दिवसा आत, रात्री बाहेर येऊन साल कुरतडते, आणि तेही उघड्यावर नाही. स्वतःची विष्ठा आणि लाकडाचा भुसा धाग्यांत गुंफून ती खोडावर लांबट जाळी करते आणि तिच्या आडोशाने फिरते. पानांवर पडलेल्या औषधाशी तिचा संबंधच येत नाही.

जालना जिल्ह्यातली मोसंबीची एक बाग आठवते. झाडं ऐन भरात, पण एकेक फांदी शेंड्याकडून वाळत चाललेली. मालकाने आधी बुरशीनाशक मारलं, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून महागडं कीटकनाशक ब्लोअरने सगळ्या बागेवर. मी गेलो तर ते मला शेंडे दाखवत होते, "बघा ना भाऊ, अजून वाळतंयच." मी खोड बघत होतो. बेचक्यापासून खाली हातभर काळपट तपकिरी पट्टा चिकटलेला. त्यांनी ती वाळवी समजून सोडून दिली होती. वाळवीचा थर मातीचा असतो, चुरगळला की हातात माती येते. हा पट्टा बोटाने ओढला तर धाग्यांसकट सलग निघाला. खाली साल फस्त, लाकूड उघडं, आणि वरच्या टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आत घातलं, फिरवलं आणि ओढलं. मळकट तपकिरी, गडद डोक्याची अळी बाहेर आली. मालक बराच वेळ गप्प होते. पुढच्या झाडाच्या बेचक्यातही तसाच पट्टा होता, त्याच्या पुढच्याही. हंगामाचा औषधखर्च पानांवरून ओघळून गेला होता आणि अळ्या आत सुखरूप होत्या.

माझी पद्धत साधी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत बागेत फक्त खोडं बघत फिरायचं, हातात तार आणि खिशात कापूस घेऊन. जाळी खरवडून काढायची, तारेने अळी ओढायची. नाही निघाली तर पेट्रोलचा बोळा भोकात कोंबून वरून चिखलाने लिंपायचं. आठवड्याने तीच झाडं पुन्हा बघायची. ताजी जाळी दिसली तर आतली अजून जिवंत आहे. या किडीची वर्षाला एकच पिढी होते आणि पतंग पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात, म्हणून हिवाळ्यात काढलेली प्रत्येक अळी पुढच्या वर्षाची अंडी वाचवते. भोकात डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सोडायच्या जुन्या चिठ्ठ्या अजून फिरताना दिसतात. त्या फाडून टाका. २०२० अखेर ते देशात बंद झालं आहे.

"एवढं झाडागणिक कोण फिरणार?" असं विचारणारे बरेच भेटतात. फिरायचं नसेल तर फळबाग लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिंबाच्या रोपांवरची फुलपाखराची अळी

लहान असताना ही अळी पानावर पाखराची शीट पडल्यासारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून तांबूस दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. परसातल्या चार-पाच रोपांसाठी लोक औषधाची बाटली आणतात. सकाळी हाताने वेचा, संपलं.

रोपवाटिका असेल तर बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध, चालतं, पण अळ्या लहान असताना आणि संध्याकाळी मारलं तरच. उन्हात ते टिकत नाही, आणि अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करत नाही. पोटात गेल्यावर अळी खाणं थांबवते आणि मरायला दोन-तीन दिवस घेते. उतावळा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पानावर बसलेली बघतो, "औषध फेल आहे" म्हणतो आणि काहीतरी जहाल मारून मोकळा होतो. त्यात अळीबरोबर किडी खाणारे मित्रकीटकही जातात, आणि मग खवले कीड, रस शोषणारे बारीक कोळी डोकं वर काढतात.

अळ्यांवर निंबोळी अर्क मारायचा असेल तर घरचा करा. ५ किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा आणि पाणी घालून १०० लिटर करायचं. निंबोळी त्याच वर्षीची, सावलीत वाळवलेली हवी.

पानाच्या पापुद्र्यात राहणाऱ्या नागअळीबद्दल एवढंच: ती कोवळ्या पालवीत असते, म्हणून फवारणी पालवी फुटताना. वाकडी झालेली जुनी पानं कशानेही सरळ होत नाहीत. तिच्या जखमांतून लिंबावर खैऱ्या (खरबरीत डाग पाडणारा) रोग शिरतो, म्हणून दुर्लक्षही नको.

डाळिंबात फळाला भोक दिसल्यावर फवारणाऱ्यांना काय सांगावं! फळ पोखरणाऱ्या या अळीचं फुलपाखरू अंडी घालतं ती फुलांवर आणि कोवळ्या फळांवर. भोक दिसतं तेव्हा अळी आत दाणे खात असते. असं फळ तोडायचं, खोल पुरायचं.

झाडावर नसलेल्या अळीला झाडावर शोधणं

संत्रा-मोसंबीचा अंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची फळं) पिकायला आला की फळगळ सुरू होते. गळलेल्या फळावर टाचणीएवढं छिद्र असतं, दाबलं की त्यातून रस उडतो. शेतकरी फळ कापून आत अळी शोधतो, सापडत नाही, तरी अळीचं औषध मारतो. हे काम रसशोषक पतंगाचं आहे. तो रात्री येतो, सोंड खुपसतो आणि निघून जातो. त्याची अळी तुमच्या झाडावर नसतेच. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल, चांदवेल यांच्यावर वाढते.

करोनात काढ्यासाठी बऱ्याच जणांनी बांधावर गुळवेल चढवली. औषधी म्हणून तिला हात लावायला लोक तयार नसतात. घरी दाराशी ठेवा, पण संत्र्याच्या बांधावर नको. पावसाळ्यात हे वेल मुळासकट काढणं हाच अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे फळं पिकत असताना अंधार पडल्यावर ओलसर गवत आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, आणि गळलेली फळं रोजच्या रोज उचलणं. उचललेली फळं बांधापलीकडे फेकू नका, त्या वासाने पतंग आणखी येतात.

टाकीत तीन-चार औषधं एकत्र

"एकाच फेरीत सगळं होऊन जाईल" हा आळस जिवावर बेततो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. फळझाडावर तर आपण वर तोंड करून फवारतो, सगळा फवारा अंगावर येतो. एका वेळी एकच औषध, लेबलवर त्या पिकाचं आणि त्या किडीचं नाव असलेलं. वारा पाठीमागून, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. मजूर फवारत असेल तर हे सगळं मालकाने आणून द्यायचं, आणि तो ते घालतोय हे समोर उभं राहून बघायचं. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही लेबलवर असतं. व्यापारी दारात उभा असला तरी ते दिवस भरल्याशिवाय फळ तोडू नका.