फायनान्समध्ये संशोधन करायचंय? आधी शंभर वेळा नाणं उडवा

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा माझं संख्याशास्त्र बी.कॉम.ला शिकलेल्या सरासरी आणि प्रमाण विचलनापाशी थांबलेलं होतं. नाशिकमध्ये राहून शेअर बाजारावर संशोधन करू पाहणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना हीच धास्ती असते, म्हणून मी कुठे कुठे अडकले ते सांगते.

पहिल्याच महिन्यात निफ्टी आणि सोनं यांचे दहा वर्षांचे रोजचे भाव एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवले आणि रिग्रेशन काढलं, म्हणजे एकाच्या बदलावरून दुसऱ्याचा बदल किती समजतो ते मोजलं. आर-स्क्वेअर (हा जुळणीचा आकडा, एकच्या जितका जवळ तितकी जुळणी घट्ट) 0.8 च्या वर, पी-व्हॅल्यू (ती जितकी लहान, तितका संबंध योगायोगाचा असण्याची शक्यता कमी मानतात) जवळजवळ शून्य. हरखून गाईड सरांकडे गेले. त्यांनी कागदावर नुसती नजर टाकली आणि एक रुपयाचं नाणं माझ्या हातात ठेवलं. "शंभर वेळा उडव. छापा आला की एक मिळव, काटा आला की एक वजा कर. दरवेळची बेरीज लिहीत जा. मग पुन्हा शंभर वेळा. दोन्ही रकान्यांचं रिग्रेशन काढून आण."

रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसलो. मी नाणं उडवत होते, धाकटा भाऊ वहीत बेरीज मांडत होता. दोन्ही रकान्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी आर-स्क्वेअर 0.6 आला आणि पी-व्हॅल्यू पुन्हा शून्याजवळ! कारण वहीतच दिसत होतं. आजच्या बेरजेत कालची सगळी बेरीज मुरलेली असते, त्यामुळे असे आकडे लांब लांब वाहत जातात आणि वाहणाऱ्या दोन गोष्टी जोडीने चालल्यासारख्या भासतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी 1974 मध्ये हेच दाखवून दिलं होतं. म्हणून भाव नव्हे, परतावा घ्यायचा, म्हणजे भावाच्या लॉगमधला (लॉगॅरिदममधला) रोजचा फरक. आकड्यांची मालिका स्थिर आहे का, म्हणजे ती अशी वाहत तर जात नाही ना, हे डिकी-फुलर चाचणीने आधी पाहायचं. मी परतावे घेतले आणि माझा तो देखणा आर-स्क्वेअर शून्याला टेकला. वाईट वाटलं, पण त्या रात्री जे कळलं ते वर्षभराच्या तासांना कळलं नव्हतं.

दुसरी ठेच डेटात लागली. एका कंपनीचा भाव एका दिवसात निम्मा! बातम्या धुंडाळल्या, काहीच सापडेना. शेवटी लक्षात आलं की त्या दिवशी शेअर एकास एक बोनसनंतरच्या (एका शेअरमागे एक शेअर फुकट, म्हणून भाव निम्मा) भावाने उघडला होता. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) रोजच्या भावपत्रकात बोनस किंवा स्प्लिटची (एका शेअरचे अनेक लहान शेअर करण्याची) दुरुस्ती केलेली नसते, ती आपण करायची. तेव्हापासून सर्वांत मोठे दहा आणि सर्वांत लहान दहा परतावे डोळ्यांनी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. आणखी एक. आजच्या निफ्टीतल्या 50 कंपन्या घेऊन पंधरा-वीस वर्षं मागे जाऊ नका. जानेवारी 2009 मध्ये घोटाळा उघड झाल्यावर निर्देशांकातून गेलेली सत्यम ही आयटी कंपनी त्या यादीत नसेल आणि तुमचा बाजार खऱ्यापेक्षा गुणी दिसेल.

स्टँडर्ड एररकडे, म्हणजे आपला अंदाज किती चुकू शकतो हे सांगणाऱ्या आकड्याकडे, आपल्याकडच्या प्रबंधांत फार दुर्लक्ष होतं, याची मला खंत आहे. पन्नास कंपन्या आणि दहा वर्षं, वर्षाला एक ओळ धरली तर 500 ओळी होतात, पण ती 500 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. त्या दिवशी तुमच्या जवळजवळ सगळ्या कंपन्या उणे असतील, पण घटना एकच. ही जोडलेली निरीक्षणं सुटी मोजली की स्टँडर्ड एरर खोटा लहान येतो. म्हणून कंपनी आणि कालावधी यांनुसार क्लस्टर करायला, म्हणजे जोडलेल्या ओळींचे गट धरून स्टँडर्ड एरर काढायला, शिका.

गार्चला, म्हणजे भावाच्या चढउताराचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला, मात्र घाबरू नका. निफाड तालुक्यातले माझे मामा लासलगावला कांदा नेतात. त्यांनी विचारलं, "मग उद्याचा भाव सांगशील का?" मी म्हटलं, "भाव नाही सांगता येत, मामा. तो किती हलेल, त्याचा अंदाज येतो." ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. एकदा हलायला लागला की आठवडाभर हलतच राहतो." अर्थतज्ज्ञ रॉबर्ट एंगल यांनी 1982 मध्ये ज्यावरून आर्च हे गार्चच्या आधीचं मॉडेल बांधलं, ते नेमकं हेच.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. आर ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली फुकट आहे. पहिले दोन महिने एकच कंपनी घ्या, तिचा भाव, परतावा आणि बोनसच्या तारखा स्वतःच्या हाताने जुळवा, मगच पन्नास कंपन्यांकडे वळा.