रोपं नंतर, आधी पाणी बघा

कांदळवन, म्हणजे खाडीकाठी खाऱ्या पाण्यात वाढणारं खारफुटीचं जंगल, उभं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रोपं किती? आम्हीही तिथूनच सुरुवात केली. ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल दिसला, कांदळाची रोपं लावली, फोटो काढले. वर्षभराने तिथे नुसत्या काटक्या उरल्या, बार्नेकलांनी, म्हणजे घट्ट चिकटून बसणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवांनी, मढलेल्या. त्याच चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका आधीच म्हणाल्या होत्या, "इथं कधी झाड नव्हतं." ऐकलं कोणी? कांदळवन वाढतं ते सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची, रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात. आम्ही त्याच्या बरेच खाली होतो.

म्हणून आता आधी खेकडे-शिंपल्या धरणाऱ्यांबरोबर ओहोटीत जागा फिरायची. झाडं कुठवर होती, पाणी कुठून शिरायचं, बांध कधी पडला, सगळं विचारायचं. जागा कुणाच्या ताब्यात आणि परवानगी कुणाची, तेही तेव्हाच बघा.

मग उंची मोजा, म्हणजे उजाड जागा झाडांच्याच पट्ट्यात आहे का ते कळेल. यंत्र लागत नाही. सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी जवळच्या धडधाकट झाडांत रोवा, दुसरी उजाड जागेत. उधाणाच्या दिवशी भरती थबकली की दोघांनी एकाच वेळी वाचायचं, काठी किती बुडाली. पाणी दोन्हीकडे मोकळं खेळत असेल, तर खोलीतला फरक तोच जमिनीच्या उंचीतला फरक. उजाड जागी पाणी पोहोचतच नसेल, किंवा ओहोटीनंतरही तुंबत असेल, तर पाण्याची वाट अडली आहे. तुंबलेलं पाणी उन्हात आटतं, खारटपणा चढतो, मुळं गुदमरतात. तिथे हजार रोपं लावा, जगणार नाहीत. जुनी नाळ, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करणारा ओहोळ, तिच्या वळणांसकट मोकळी करा.

आणि थांबा. हेच सगळ्यात जड जातं, जमलेल्या लोकांना हाताला काम हवं असतं! पण जवळ मोठी झाडं असली तर पाणीच बिया आणून टाकतं. बियांचा एक हंगाम जाऊ द्या.

काहीच रुजलं नाही तरच कांदळाच्या शेंगा, म्हणजे झाडावरच अंकुरलेल्या लांब बिया, लावा. शेंगेच्या वरच्या टोकाला फळाची टोपी असते; तिच्याखाली पिवळसर कडं दिसलं आणि हलक्या पिळ्याने शेंग सुटली, की ती तयार. टोपीकडचं टोक वर, मुळाचं खाली, साधारण तिसरा हिस्सा चिखलात. नंतर दर उधाणानंतर फेरी मारून अडकलेलं प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे सोडवायचे. कोवळं रोप त्यांच्या ओझ्यानेच आडवं होतं.